सुलूच्या दादाचा नियम

एकनाथ मास्तर पालघरच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे, आणि क्रॉमवेलचा धडा आला की त्यांच्या अंगात यायचं. राजाचं डोकं उडवायला लावणारा हा इंग्रज सेनापती पुढं स्वतःच देशाचा धनी झाला, लोकांचे सण बंद पाडले, आयर्लंडमध्ये कत्तली केल्या, आणि मेल्यावर शत्रूंनी त्याचं मढं उकरून फासावर टांगलं. मुलं विचारायची, "सर, चांगला का वाईट?" मास्तर छातीठोकपणे सांगायचे, "थोर! शिस्तीचा माणूस." आयर्लंड तेवढं घाईत उरकायचे.

मास्तर राहायचे एडवणच्या अलीकडच्या एका लहानशा मच्छीमार गावात. तिथला जुना पाटील दारू ढोसून न्यायनिवाडा करायचा. अठ्ठ्याहत्तर साली मास्तरांनी तरुणांना हाताशी धरून त्याला खाली उतरवलं आणि गावानं त्यांनाच पाटील केलं. त्यांनी नियम घातला: लग्नात दारू वाटायची नाही. वाटली तर त्या घराच्या होडीला कुणी हात लावायचा नाही, लावील तोही वाळीत. होडी किनाऱ्यावर ओढायला पंधरा-वीस माणसं लागतात, आज तुझी, उद्या माझी. ते हात गेले की घर बसलंच. पण बायकांनी मास्तरांना दुवा दिला, कारण घरोघरची मारझोड खरोखरच थांबली. हेही सांगायलाच हवं.

चार वर्षांनी मास्तरांच्या सख्ख्या बहिणीच्या, सुलूच्या, मुलीचं लग्न निघालं. जावयाचे सोबती बोईसरच्या कारखान्यातले. त्यांच्यासाठी सुलूच्या नवऱ्यानं, पुंडलिकानं, चोरून दोन बाटल्या आणल्या. बोभाटा झालाच.

सुलू भावाच्या दारात आली. "दादा, पाव्हन्यांसाटी झालं. एवड्या येळी सोड."

"बहीण म्हणून तुला सोडलं तर उद्या नियम कोण मानील?" मास्तर म्हणाले. काय तो तोरा! रात्रभर झोप लागली नाही, तरी शब्द मागे घेतला नाही.

तीन आठवड्यांनी भरदुपारी अचानक वारं सुटलं. सगळ्यांच्या होड्या वर आल्या. पुंडलिकाची तेवढी पाण्यात राहिली. तो आणि सुलू दोघंच तिला रेटत होते. तीसेक गडी वाळूत उभे होते आणि समुद्राकडे न बघता मास्तरांकडे बघत होते. मास्तर खाली बघत होते. मोठी लाट आली, होडी कलंडली आणि पुंडलिक तिच्याखाली गेला. मग सगळेच धावले. मास्तरही धावले. फार उशिरा.

गावानं त्यांना बोल लावला नाही. उलट, नियम म्हणजे नियम, असं समजावलं. ते त्यांना जास्त झोंबलं. त्यांनी नियम मोडीत काढला आणि पाटीलकी सोडली. वर्गात मुलांनी क्रॉमवेलचा तो प्रश्न विचारला की म्हणायचे, "मला ठाऊक नाही, बाळांनो."

दर भाऊबीजेला ते सुलूकडे जायचे. ती पाट मांडायची, ओवाळायची, ताट वाढायची. शब्द मात्र एक नाही. अशी अकरा वर्षं गेली. बाराव्या वर्षी मास्तरांना घास गिळवेना. ते ढसाढसा रडले. "सुले, शिवी तरी दे गं मला."

सुलूनं ताटातली कालवणाची वाटी सारखी केली. इतक्या वर्षांनी ती बोलली, तीही अगदी हळू.

"समदे तुज्याकडं बगत व्हते, दादा. तू नुस्ता एक पाय पुडं टाकायचा व्हतास. तुला कोन वाळीत टाकनार व्हता?"