गणपतरावांच्या गाडीची दुसरी चावी

गणपतराव ठवकरांनी एकतीस वर्षं लोकांच्या घरचे वीजमीटर तपासले. सील तुटलंय का, तार मधूनच वळवलीय का, मीटरमागे लोहचुंबक चिकटवलाय का, हे हुडकणं त्यांचं काम. ज्या घरी आग्रहाने चहा मिळे तिथे ते जरा जास्तच वेळ थांबत. एवढी सरबराई कशासाठी, हा प्रश्न त्यांना आधी पडे. निवृत्तीनंतरही सवय तशीच राहिली. प्रतापनगरच्या त्यांच्या घरी दूधवाल्यापासून जावयापर्यंत कोणी त्या नजरेतून सुटलं नव्हतं.

मुलगी दामिनी मनीषनगरला राहायची. तिच्या आग्रहावरून त्यांनी विजेवरची गाडी घेतली. गाडीला किल्ली अशी नव्हतीच. फोन खिशात असला की दार उघडायचं, ब्रेक दाबून गिअरची दांडी ओढली की गाडी चालायला तयार. फोन दगा देईल तेव्हा वापरायला एक कार्ड मिळालं होतं. ते कोणाच्या हाती लागू नये म्हणून गणपतरावांनी थेट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून दिलं.

तीन महिने बरे गेले. मग एका सोमवारी ते गाडीत बसायला गेले आणि गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. सीट चांगली चार बोटं पुढे सरकलेली होती.

त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. संशयिताला सावध करायचं नसतं. शनिवारी संध्याकाळी मागच्या टायरवर, अगदी फरशीला टेकतो तिथे, त्यांनी खडूने रेघ मारली. रविवारी पेन्शनरांच्या कट्ट्यावरून परतले तर रेघ वर, चाकाच्या कमानीत गेलेली. बॅटरीही पाच टक्क्यांनी उतरली होती.

वरच्या मजल्यावर केशव हा भाडेकरू राहायचा. बुटीबोरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. गाडीच्या चार्जिंगची जोडणी त्यानेच करून दिली होती आणि मजुरी घ्यायला साफ नकार दिला होता. गणपतरावांना आता तो नकार आठवला.

जिन्यात त्यांनी त्याला गाठलं. “रविवारी सकाळी कुठं असता?”

“घरीच असतो काका. काहून?”

“माही गाडी कोणीतरी बाहेर काढून राहिलं.”

केशव पायरीवरच थांबला. “अन् तुमाले वाटते, तो मी?”

“मी कोणाचं नाव घेतलं का?”

केशव वर गेला. दुसऱ्या दिवसापासून तो आपली स्कूटर आवाराबाहेर, गल्लीत लावू लागला.

गणपतरावांच्या बायकोने, जिजाबाईंनी, स्वयंपाकघरातून हे ऐकलं होतं. “त्या पोराले असं काहून बोल्ले तुम्ही?”

“नुसतं विचारलं.”

त्या परत ओट्याकडे वळल्या. बायको भाडेकरूची बाजू घेते, एवढीच नोंद गणपतरावांनी मनात केली.

त्याच सुमारास फोनचं सॉफ्टवेअर स्वतःहून नवं झालं आणि गाडीचं ॲप विचारू लागलं, आसपासची उपकरणं शोधू द्यायची का? याला माझ्या आसपासचं कशाला हवं, असं म्हणत गणपतरावांनी ‘नको’ दाबलं. तेव्हापासून गाडी लहरी झाली. कधी चाले, कधी जागची हलत नसे. कोणीतरी आत काही करून ठेवलंय, याची त्यांना आता खात्रीच पटली.

बुधवारी त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सोबत जिजाबाई जाणार होत्या. दामिनी परस्पर दवाखान्यात येऊन परतताना गाडी चालवणार होती. सकाळी दार नेहमीसारखं उघडलं. त्यांनी ब्रेक दाबला, दांडी ओढली. गाडी ‘पी’वरच राहिली. पडद्यावर अक्षरं आली: चावी सापडली नाही. ते उतरले, दार लावलं, पुन्हा बसले. पुन्हा तेच.

“दार उघडते अन् चाबी नाही म्हणते,” ते म्हणाले. “म्हणजे हिची चाबी दुसऱ्याच कोणाजवळ आहे.”

जिजाबाईंनी जिन्याशी जाऊन केशवला हाक मारली. तो आला, पण गाडीपासून हातभर लांब उभा राहिला. “मी हात लावत नाही काका. मी सांगतो, तुम्ही दाबा.”

त्याने आधी फोन बघायला लावला. ॲपची परवानगी बंद होती. “म्हणजे तुमचा फोन गाडीले दिसतच नाही. मंग दार कोणाच्या फोननं उघडलं? पडद्यावर चाब्यांची यादी असते, ते पाहा.”

यादीत दोन नावं होती. गणपतराव. जिजाबाई.

“काकू, तुमचा फोन कुठाय?”

“ओट्यावर,” जिजाबाई हळूच म्हणाल्या. ओटा खिडकीला लागून होता आणि खिडकीबाहेरच गाडी उभी होती.

“बरोबर आहे. दार उघडायले तेवढं जवळ पुरते. गिअर टाकायले फोन आतच लागते. काकू फोन घेऊन सोबत असल्या की चालत असन.”

गणपतरावांनी बायकोकडे पाहिलं. त्या घरात गेल्या, फोन आणि पर्स घेऊन आल्या. पर्समधून गाडी चालवायचा परवाना काढून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला. त्याच्यावर जिजाबाईंचाच फोटो होता.

“दामिनीनं शिकवली. रविवारी, तुम्ही कट्ट्यावर जाता तवा. माह्या फोनात चाबीबी तिनंच टाकली.”

“मले सांगितलं काहून नाही?”

“कोणी शिकवली, कुठवर नेली, कोणी पाह्यलं, हे सारं तुम्ही विचारलं असतं. मले शिकाचं होतं, जबाब नव्हता द्याचा.” मग त्या केशवकडे वळल्या. “मी त्या दिवशीच बोलाले पाह्यजे होतं. तुह्यावर आळ आला अन् मी चूप राह्यली.”

“जा काकू,” केशव म्हणाला. “उशीर होऊन राहिला.”

जिजाबाईंनी सीट पुढे घेतली, दांडी ओढली आणि गाडी आवाज न करता फाटकाबाहेर आली. गणपतराव शेजारी बसून त्यांचे हात, आरसा, पाय बघत होते. चुका शोधत होते. एका चौकात सिटीबस अंगावर आल्यासारखी वळली, तेव्हा जिजाबाईंनी वेग आधीच कमी केलेला होता. दवाखाना येईपर्यंत गणपतरावांना एकच चूक सापडली. वळण झाल्यावरही इंडिकेटर सुरू राहिला होता. त्यांनी तसं सांगितलं. जिजाबाईंनी तो बंद केला.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर ते वर गेले. केशवने दार उघडलं.

“माहं चुकलं,” गणपतराव म्हणाले.

“हाव, चुकलं त खरं,” केशव म्हणाला. “पण नाव घेऊन विचारलं असतं न काका, त मी तिथंच सांगितलं असतं. नाव न घेताच तुम्ही निकाल देऊन टाकला.”

गणपतरावांनी मान हलवली. कठड्याला धरून ते एकेक पायरी खाली उतरले.