केरूची सळई आणि पऱ्यातला दगड

आमच्या शेजारचा केरू म्हणजे गावाचा सळईवाला. रत्नागिरीजवळच्या हातखंब्याहून तासाभराच्या वाटेवर आमचं गाव. भात झोडून झालं की मार्गशीर्षात पऱ्याच्या, म्हणजे आमच्या ओढ्याच्या, पलीकडच्या काठावरच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायचा, तिथेच निखाऱ्यावर भाजायचा, नैवेद्य दाखवून गड्यांनी तिथेच खायचा, घरी तुकडाही न्यायचा नाही, अशी या राखणीची रीत. कोंबडा अख्खाच सळईत ओवून फिरवतात आणि हा मान केरूच्या घराण्याचा.

मान म्हणायला सोपं आहे. केरू धोतराचा काचा घट्ट मारायचा, वारा पाठीशी घेऊन बसायचा, भोवतालचं वाळलं गवत आधी स्वतः कापून काढायचा. शेजारी ओल्या वाळूची पाटी हवीच. ज्वाळा असेपर्यंत सळई ठेवायची नाही. कोंबड्याचे पाय-पंख झाडाच्या ओल्या सालीने सळईशी आवळायचे, नाहीतर सळई फिरते आणि कोंबडा जागचा हलत नाही. चरबी गळून जाळ उठला की सळई उचलून धरायची. कोणी घाई केली की म्हणायचा, "भूक लागली तर घरी जाऊन पेज पी." माणूस तिरसट, पण त्याच्या हाताखाली कोणाला साधा चटका बसला नव्हता.

सगळ्यात कडक नियम दगडांचा. सळई ज्या दोन दगडांवर टेकते ते देवाच्या पऱ्यातलेच हवेत. पण पाण्यातला दगड आतून ओला असतो आणि आगीशी फुटतो. म्हणून बापाने थोरला म्हणून एकट्या केरूला शिकवलं होतं की दगड शिमग्यात काढायचे, उन्हाळाभर उन्हात वाळवायचे, पावसाळ्यात चुलीमागे ठेवायचे. केरूशिवाय हे कोणालाच ठाऊक नव्हतं, धाकट्या भावालाही नाही.

१९२३ साली केरू वर्षभर मुंबईला गिरणीत होता. राखणीच्या दिवशीच सकाळी बोटीने रत्नागिरीला उतरला आणि दुपारी कसाबसा पोचला. दगड कोणी सुकवलेले नव्हते. आपल्यापायी राखण अडून चारचौघांत लाज जायला नको म्हणून त्याने पऱ्यातूनच दोन दगड उचलले, उपरण्याने पुसले आणि मांडले. आम्ही सगळे तेव्हा देवाकडे होतो, कोणी पाहिलं नाही.

सळईच्या दुसऱ्या टोकाला त्याचा धाकटा भाऊ सदू बसला होता. माघात त्याचं लग्न ठरलेलं, त्यामुळे स्वारी खुशीत. गंमत म्हणून त्याने कोंबड्याची करपलेली कातडी तोडून तोंडात टाकली. नैवेद्याआधी! आम्ही ओरडणार इतक्यात दगड फाडकन फुटला आणि कपची सदूच्या डाव्या डोळ्यात घुसली.

गावाचा मुख्य मानकरी बाबल्या गावकर म्हणाला, "देवान शिक्षा केली." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला सांगू? केरू रक्ताने भरलेला भाऊ मांडीवर घेऊन बसला होता. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर!

डोळा गेला. लग्न मोडलं ते डोळ्यापायी नव्हे. देवाचा कोप झालेल्या घरात मुलगी द्यायला मुलीचा बाप तयार होईना. दुसरं स्थळही आलं नाही. राखणीला सदू पऱ्याच्या गावाकडच्या काठावरच बसायचा आणि तिथूनच हात जोडायचा. केरू पुन्हा मुंबईला गेला नाही. भावाच्या वाटचं शेत नांगरायचा, त्याच्यासाठी मासे आणायचा. आम्ही म्हणायचो, भाऊ असावा तर असा.

१९३५ साली केरूचे हात कापू लागले. घराण्यात उरला सदू, आणि त्याच्यावर तर देवाचा कोप, म्हणून सळई धाकूकडे द्यायचं ठरलं. धाकू गावकराचाच पुतण्या, चांगला तिशीचा. केरूने त्याला सुकवलेले दगड दिले होते. त्यातला एक वाटेत पडून दुभंगला. धाकू सरळ पऱ्यात उतरला आणि दुसरा उचलून आणला.

"ठेव तो!" केरू असा ओरडला की सगळे थबकले.

"का? देवाच्याच पऱ्यातला हाय," धाकू म्हणाला.

"ओला हाय. फुटंल." केरू खाली बसला. "त्या वर्साला बी असाच फुटला. मीच काढला व्हता, पान्यातना. मला म्हाईत व्हतं. देवान काय नाय केलं. सदून काय नाय केलं."

मला केरूचा संताप आला आणि स्वतःचीही लाज वाटली. शेवटी गावकराने पऱ्याकडे तोंड करून हाक मारली, "सदू, ये बाबा अल्याड."

सदूने सगळं ऐकलं होतं. तो पाण्यातून चालत आला आणि केरूसमोर उभा राहिला.

"दादा, डोला गेला त्येचं जाऊ दे," तो म्हणाला. "बारा वर्सां रोज तिन्हीसांजेला देवाची माफी मागतंय मी. ती कशाची मागत व्हतो रे?"

सदू मग राखणदाराच्या दगडापाशी गेला. बारा वर्षांत पहिल्यांदाच तो तिथे उभा होता. हात मात्र त्याने जोडले नाहीत.