दुसरी घिरटी

औशाजवळच्या आमच्या गावाला राजे होते, हे आता सांगितलं तर लोक हसतात. राज्य कसलं, एक गढी आणि एक विहीर. पण त्या गढीतले धाकटे हणमंतराजे हवाई दलात वैमानिक झाले आणि आमच्या माना ताठ झाल्या. उडणार ते, फुगणार आम्ही. आयत्या पिठावर रेघोट्या!

एकदा सरावाला निघालेले राजे वाट वाकडी करून गावावर आले. आईसाहेबांना विमान दाखवायचं, एवढीच हौस. विमान इतकं खाली आलं की गंजीवरचा कडबा उडाला. नेमकी तेव्हा विहिरीवर भुजंगची मोट चालू होती. बैल मागं सरत अगदी काठापर्यंत आले होते. ते बुजले आणि भुजंगसकट आत गेले. माणसं धावली, ओरडली, हात हलवू लागली. राजांनी वरून ते पाहिलं, विमान वळवून आणखी एक घिरटी घातली, पंख डोलवले आणि गेले.

भुजंगचं प्रेत निघालं, बैल निघाले नाहीत. आईसाहेबांनी त्याच्या बायकोला, गुणाबाईला, गढीवर बोलावून भंडारा उचलायला लावला. "माझ्या लेकराच्या कानावर ह्ये घालायचं न्हाई. त्याचा हात थरथरला तर त्यो वरून पडंल." गुणाबाईनं शपथ घेतली. गावानं तर न मागताच तोंड शिवलं. गढीवर वाईट बातमी न्यायची नाही, हा आमचा जुना भित्रेपणा. त्याला आम्ही रीत म्हणायचो.

पुढं राजे परदेशातल्या वकिलातीत गेले, राजदूत झाले. बहात्तरच्या दुष्काळात ते कुठल्याशा थंड देशात होते. इथं विहीर आटली आणि गाळात बैलाची शिंगं दिसली. गुणाबाई खडी फोडायला जायची. वरून विमान गेलं की सगळे वर बघायचे. ती तेवढी खाली बसून कान झाकायची. त्याच वर्षी आईसाहेब गेल्या. शपथ मात्र राहिली.

लातूर जिल्हा झाला त्या साली राजे निवृत्त होऊन गावी आले. शाळेपुढं सभा भरली. राजे हसत म्हणाले, "साऱ्या जगात मी एकच गोष्ट सांगत आलो. माझं विमान आलं तेव्हा माझा गाव रानातून धावत सुटला. हात हलवून मला पुन्हा बोलावलं. बड्या बड्या साहेबांना मी म्हणायचो, असं स्वागत तुमच्या नशिबात नाही!" आणि त्यांनी हात वर करून हलवून दाखवला.

टाळी वाजली नाही. राजे गोंधळले. पुढं बसलेल्या म्हातारीला म्हणाले, "गुणाबाई, तू होतीस ना तिथं? सांग यांना."

गुणाबाई उठली. "इचारलाव म्हनून सांगते, सरकार. पयल्या फेरीला बैलं गेली. मालक जित्ता व्हता. दोर धरून निम्मा वर आलता. तुमी पुन्हा आलाव, तशी दोर वढणारी समदी जीव घिऊन आडवी पडली. दोर सुटला." तिनं राजांच्या हाताकडं बोट केलं. "आमी या म्हनत नव्हतो, राजे. हात हलवून जा म्हनत व्हतो."

राजांचा हात अजून वरच होता. तो खाली घ्या, असं आमच्यातलं कुणी म्हणालं नाही.