मीठ बराबर हाय का?

सौंसरला आमच्या शेजारी राहणारी ती बाई फार कमी बोलायची. दाराशी आली तरी कडी वाजवायची नाही, नुसती खाकरायची. रमजानात तिचा आवाज आणखीच उतरायचा.

बाबा गेले ते त्याच महिन्यात. घरातली चूल बंद होती. शेजारचे डबे आणत होते, पण आई घास घ्यायला तयार नव्हती. मावशी समजावून थकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारीण पिठलं-भाकर घेऊन आली आणि आईजवळ बसली.

"काकू, माहा रोजा हाय, मी काही चाखून नाही राहिली. मीठ बराबर हाय का, पाहा ना."

आईने बोट लावलं. "कमी हाय."

तिने सोबत आणलेल्या वाटीतलं मीठ टाकलं. "आता भाकरीसंगं पाहा."

असं करत अर्धी भाकर आईच्या पोटात गेली. तेवढ्यात मशिदीतून अजान ऐकू आली.

"जाय बाई, रोजा सोड," आई म्हणाली.

"तुमी खाऊन राहिल्या ना, खा आरामात."

आमच्या गल्लीत सुतकाच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. तिने आमच्या माठातून पेला भरला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि त्याच पाण्यावर रोजा सोडला.