श्रीपाद गंध्यांची एक चूक

फ्रीगंजातल्या मराठी मंडळाने श्रीपाद गंध्यांचा सत्कार ठरवला आणि मानपत्र लिहायला सांगितलं कोणाला, तर गोपाळकृष्ण बिडवईला! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्याच.

मंडळाची सचिव प्राजक्ता फोनवर म्हणाली, "काका, तुम्ही त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?"

"हो तर," गोपाळकृष्ण म्हणाला, आणि फोन ठेवून बायकोवर ओरडला, "अहल्या, ह्या चहात साखर आहे की नाही?"

साखर होती हो. माणूसच कडू झाला होता, आणि आजचा नाही, चांगला अठरा वर्षांचा. तो पॉलिटेक्निकात कम्प्युटर शिकवायचा, एम. टेक., पहिला वर्ग. श्रीपाद टेलिफोन एक्स्चेंजातला डिप्लोमावाला, खांबावर चढून तारा जोडण्यात अर्धी नोकरी घालवलेला. आणि आज ईमेलचे नियम लिहिणाऱ्यांत नाव कोणाचं? खांबावरच्याचं! जळणार नाही तर काय होईल?

बरं, सुरुवात दोघांनी एकदमच केली होती. २००६ साली, टावर चौकातल्या सायबर कॅफेत, शेजारी शेजारी बसून. ईमेलचे नियम कुठलं सरकार ठरवत नाही. ईमेलवरच चालणारा एक खुला पत्रगट असतो, कोणीही लिहावं, नियमाचा मसुदा टाकावा. सहा महिन्यांत पुन्हा नवा केला नाही तर तो रद्द. फी नाही, डिग्री कोणी विचारत नाही. गोपाळकृष्णाने पहिली सूचना पाठवली. परदेशातून एका ओळीचं उत्तर आलं, आधी जुना मसुदा वाचा. बस. एम. टेक. माणसाला कोणी असं बोलतं? त्याने त्या दिवशी गट सोडला. श्रीपादला तसली सदतीस उत्तरं आली. त्याने सदतीस जणांचे आभार मानले, जुने मसुदे वाचून काढले आणि दर सहा महिन्यांनी आपला मसुदा नवा करत राहिला. सहा वर्षं! एवढा चिवट माणूस मालव्यात दुसरा नसेल.

शेवटी २०१२ मध्ये तो मसुदा पक्का झाला: ईमेलच्या पत्त्यात देवनागरी अक्षरं कशी चालवायची त्याचे नियम. मग आणखी दोन दस्तऐवज, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, आणि नानाखेड्याच्या घरी बसून लिहिलेली मराठीतली छोटी पुस्तिका. प्रत्येक वेळी श्रीपाद प्रत घेऊन दारात हजर. "गोपाळ, बघ ना जरा." गोपाळकृष्ण प्रत घ्यायचा, क्या बात है म्हणायचा आणि कपाटावर टाकायचा. एक ओळ वाचली नाही पठ्ठ्याने. वाचणार नाही म्हणजे नाही!

आता मानपत्रासाठी वाचणं आलं. पण हा वाचायला कुठे बसला होता? हा चूक शोधायला बसला होता. एक चूक मिळू दे देवा, एकच. भर सभेत दाखवून देतो खरा जाणकार कोण ते.

आणि मिळाली की! पहिल्याच दस्तऐवजात. नियम असा, की पत्त्यात ॲटच्या खुणेआधी जे नाव येतं त्याला फक्त चौसष्ट घरं. इंग्रजी अक्षर एक घर घेतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, तीन. त्या काळी अशा कागदांत देवनागरी छापायची मुभा नव्हती, म्हणून उदाहरणात अक्षरांऐवजी त्यांचे कम्प्युटरातले आकडे होते, दर अक्षराला चार अंकी एक. गोपाळकृष्णाने बोटाने आकडे मोजले. चोवीस! चोवीस त्रिक बहात्तर! नियम लिहिणाऱ्यानेच नियम मोडला होता, आणि बारा वर्षं कोणाला पत्ता नव्हता.

तो खुर्चीतून उठून नाचलाच. असे दस्तऐवज मागाहून बदलत नाहीत; चूक कळवली की तिची नोंद बाजूला कायमची राहते, कळवणाऱ्याच्या नावासकट. फॉर्ममध्ये दुरुस्तीही लिहावी लागते. त्याने शेवटचे पाच आकडे उडवले. एकोणीस त्रिक सत्तावन्न, बसलं. फॉर्म पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी श्रीपादचं उत्तर गटावर आलं: चूक मान्य, दुरुस्ती मान्य. एवढंच. "तोंड दाखवायला जागा नाही लेकाच्याला," गोपाळकृष्ण अहल्येला म्हणाला.

"अहो, मित्र आहे तुमचा," ती म्हणाली.

सत्काराच्या संध्याकाळी हॉल भरला होता. गोपाळकृष्णाने मानपत्र छान वाचलं, आणि मग खिशातून त्या चुकीच्या नोंदीचं छापलेलं पान काढलं. "मंडळी, खरा अभ्यासक स्तुती करत नाही. ह्या थोर ग्रंथकारांना चोवीस त्रिक किती ते येत नव्हतं. मी परवा दुरुस्त केलं!"

कोणी हसलं नाही. प्राजक्ताने कपाळाला हात लावला.

श्रीपाद मात्र खुर्चीतूनच म्हणाला, "खरं आहे. चूक माझीच. मला एक पूर्ण मराठी नाव बसवायचं होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दुसऱ्या देशातले लोक म्हणत होते, छोटं घ्या. मी ऐकलं नाही, आणि मोजायचं राहूनच गेलं."

"कोणाचं नाव, काका?" प्राजक्ताने विचारलं.

"गोपाळ वाचेल ना. कागद त्याच्याच हातात आहे. हे आकडे त्याने वीस वर्षं पोरांना शिकवलेत."

गोपाळकृष्णाने पान डोळ्यांजवळ नेलं. मोजले होते, वाचले नव्हते. शून्य नऊ एक सात म्हणजे ग. त्याला ओकार. मग प, काना, ळ. त्याचे ओठ नुसते हलत राहिले. पुढे कृष्ण आलं, त्यापुढे दत्तात्रय, त्याच्या वडिलांचं नाव.

"मोठ्याने, काका," मागून कोणीतरी म्हणालं.

त्याला पुढे वाचवेना. त्यानंतरचे पाच आकडे म्हणजे बिडवई, आणि ते जगाच्या कागदावरून कायमचे छाटून टाकायची विनंती खाली त्याच्याच सहीने छापलेली होती.