खालमानी आणि दादाचा आरसा

आणि हो, दादाला सांभाळणारी ती बाई घुमी नव्हती, हे आधी लिही. लोकांनी उगाच तिला घुमी ठरवलं. माझ्या दादानं तर तिचं नावच 'खालमानी' पाडलं. दादा म्हणजे तुझ्या आईचा मामा. त्यानं एकदा नाव ठेवलं की ते माणसाला जन्मभर चिकटायचं. सगळं आयुष्य न्हाव्याच्या दुकानात गेलेलं, जीभ वस्तऱ्याहून धारदार.

त्याला झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलायचा, पण शब्द तोंडातल्या तोंडात घोळायचे. ओठांकडे बघितलं तरच कळायचं काय म्हणतोय. वहिनी आधीच गेलेली. भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, आणि त्याची बायको दिवसभर कामावर. माझे गुडघे हे असे. मी जाऊन सोबतीला बसणार, पण त्याला उचलणार कोण? म्हणून सांभाळायला बाई ठेवली. पहिलीला दादानं चमचा फेकून मारला. दुसरी आपणहून गेली. तिसरी ही, पार परमुलखातून आलेली. आपली भाषा मोडकीतोडकी. भाच्यानं बापाला सांगून टाकलं होतं, की हिच्याशीही जमलं नाही तर वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली आहे. दादा ते ऐकून भिंतीकडे तोंड करून पडला.

बाई कामाला वाघीण बरं का. पण दादासमोर आली की मान खाली. तो पाणी मागायचा, ती पांघरूण आणायची. ओठ बघेल तर कळेल ना! दादाचं म्हणणं, नजर चुकवतो त्याच्या पोटात पाप असतं, नाहीतर मग हिला माझी किळस येते. मी म्हटलं, किळस येती तर तुझी ओली चादर अशी निमूट धुतली असती का? तर मलाच विचारतो, तू तिची वकील का.

एका दुपारी ती फोनवर तिच्या आजोबांशी बोलत होती. पडद्यावर म्हातारा दिसत होता, बोळका, हसरा. हिच्या डोळ्यांत पाणी, हसतेय काय, बोलतेय काय, आणि नजर कुठे? स्वतःच्या गुडघ्यांवर. मी खुणेनं विचारलं, अगं, त्याच्याकडे बघत का नाहीस? तिनं असं तोंड केलं, जणू मी तिला म्हाताऱ्याच्या डोक्यावर पाय ठेवायला सांगितलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्यात मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे शुद्ध उर्मटपणा! आणि मी? बोलताना माझ्याकडे बघ, म्हणून तुझ्या आईला किती चिमटे काढलेत.

दादाला सांगितलं, तर म्हणे, मग तिनं माझ्याकडे बघावं म्हणून मी काय पुतळा होऊन बसू? तिला सांगितलं, तर बिचारीनं प्रयत्न केला. मान वर केली, वाटीवरची नजर सुटली आणि सगळं सूप दादाच्या मांडीवर. झालं. भाच्यानं आश्रमाची गाडी सांगितली, बॅग भरली.

गाडी यायच्या आदल्या सकाळची गोष्ट. ती दादाची चाकाची खुर्ची बाहेरच्या खोलीकडे ढकलत होती. मधल्या बोळात दुकानातला मोठा आरसा भिंतीला टेकवलेला. दुकान बंद झाल्यापासून तिथेच. चाक पायपुसण्यात अडकलं. तिनं वाकून सोडवलं, मान वर केली, तर आरशात दादा तिच्याकडे बघत होता. नजरेला नजर भिडली. आणि तिनं मान खाली घातली नाही! मी मटार सोलत होते, माझा हात तसाच राहिला.

"पाणी," दादा म्हणाला.

तिनं पाणी आणलं.

तिच्या लेखी आरशात बघणं म्हणजे काचेकडे बघणं, त्यात कसला आलाय अपमान? आणि दादाचं तर अख्खं आयुष्य तसंच गेलं. आपण मागे उभं राहायचं, गिऱ्हाईक पुढे, बोलायचं दोघांनी आरशाशी. समोरासमोर त्याला धड बोलताच यायचं नाही. वहिनी म्हणायची, यांच्याशी भांडायचं तर आधी आरसा टांगावा लागतो. त्या दिवशी दोघं बोळातून हलले नाहीत. ज्यानं हनुवटीला कुणाला हात लावू दिला नव्हता, त्यानं आरशातून शिकवत शिकवत तिच्याकडून दाढी करून घेतली.

दुसऱ्या दिवशी गाडी दारात. भाचा बॅग घेऊन बोळात आला. दादा आरशासमोर, गाल चकचकीत.

"बस," दादा त्याला म्हणाला. "केस वाढलेत."

लहानपणापासूनची सवय, भाचा मुकाट्यानं स्टुलावर बसला. तिनं त्याच्या मानेला टॉवेल गुंडाळला, कात्री उचलली. दादा शेजारून हुकूम सोडतोय, मागून कमी कर, कान सांभाळ. भाचा आरशात बापाच्या ओठांकडे बघत होता, आणि त्याला शब्द न् शब्द कळत होता. त्याचे डोळे भरून आले, पण कात्री कानाशी, पुसायला हलता येईना.

गाडीवाल्यानं दारातून डोकं आत घातलं. बॅग ठेवू का, म्हणाला. दादानं आरशातून त्याचं डोकं नीट न्याहाळलं.

"नंबर लाव," म्हणाला. "ह्याच्यानंतर तू."

गाडी रिकामी गेली! बॅग सूनबाईनं स्वतःच्या हातानं सोडली. भाचा एक कल्ला वर, एक खाली असा कामावर गेला, आणि सगळ्यांना छाती काढून सांगत सुटला की हे माझ्या बापानं केलंय. आता दादाची नवी तक्रार, की ही बया फार बडबड करते.

हे वाचणाऱ्यांनो, माझं एवढं काम करा. तुमच्या ओळखीत कुणाकडे परमुलखातली बाई म्हातारं माणूस सांभाळत असेल, आणि घरचे म्हणत असतील की ती धड तोंड वर करत नाही, तर त्यांना माझा निरोप द्या. म्हणावं, तिला घालवायच्या आधी एकदा विचारा, ती तिच्या आजोबांशी कशी बोलते.