बाबांचा खोकला

लढाईच्या दिवसांत जबलपूरच्या कारखान्यात तोफगाड्यांची चाकं माझ्या बाबांच्या खोकल्यावर पास व्हायची. खोटं वाटेल, पण सरकारचा कारभार असाच होता.

चाकावर हातोडी मारायची. आवाज खणखणीत आला तर पास, बद्द आला तर बाद. बाबा मिस्त्री, त्यांचा कान पक्का. पण इन्स्पेक्टरची खुर्ची गोऱ्यांची. म्हणून विलायतेहून आलेला एक कोवळा साहेब हातोडी मारायचा आणि बाबा त्याच्यामागे उभे राहून खोकायचे. एकदा खोकले की पास, दोनदा खोकले की बाद. सही साहेबाची.

ती खुर्ची बाबांना मिळाली असती, तर साहेबांच्या वस्तीत घर मिळालं असतं आणि तिथल्या शाळेत मला जागा. त्या शाळेत झोका होता. मी रोज कुंपणातून तो बघून यायचे.

एका थंडीत बाबांना खराच खोकला झाला. दुपारपर्यंत बाद चाकांचा ढीग लागला! कामगारांच्या दवाखान्यात ताप असो की मुरगळलेला पाय, औषध एकच, गुलाबी पाणी. घाबरलेल्या साहेबानं शेवटी गोऱ्यांच्या इस्पितळात खोटंच खोकून, स्वतःच्या नावावर बाबांसाठी बाटली आणली. तिथला डॉक्टर साहेबाच्या खोकल्यानं इतका हादरला, की त्यानं त्याला भरपगारी हवापालटाला पचमढीला धाडलं. साहेब कोऱ्या कागदांवर सह्या ठोकून गेला.

महिनाभर बाबांनीच हातोडी मारली, एकदाही न खोकता. एकही चाक परत आलं नाही. साहेब गुटगुटीत होऊन परतला आणि त्याला बढती मिळाली, कारण महिनाभर त्याच्या खात्याबद्दल एकही तक्रार नव्हती. मला अजून हसू येतं, आणि अंगाचा तिळपापडही होतो.

खुर्ची रिकामी झाली. बाबांनी अर्ज लिहिला, आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. झोक्यावर पहिला नंबर कुणाला द्यायचा नाही, हे मी ठरवून टाकलं.

उत्तर आलं: चाकं तपासण्याचा अनुभव नाही. कागदोपत्री ते खरंच होतं.

आठवड्यात नवा गोरा हजर झाला. आई भडकली, "अहो, यालाही तुम्हीच काहून शिकवायचं?"

"शिकवून कुठं राहिलो? खोकून राहिलो," बाबा म्हणाले, आणि घसा साफ करत कामावर गेले.

त्या दिवसापासून मी कुंपणाकडे गेले नाही.